‘ही बाई गटात नको’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, प्रत्येक गटात एक तरी ताई अशी असते, जिचं नाव निघालं की दोघी-तिघी एकमेकींकडे बघतात. कुणी हप्ता थकवते. कुणी दर बैठकीत जुनं भांडण उकरून काढते. कुणी इथलं तिथं करते आणि आपल्याच घरातली गोष्ट पिठाच्या गिरणीवर आपल्याला ऐकायला मिळते. मग बैठक संपताना चपला घालता घालता हळूच विषय निघतो, “ताई, हिला काढता येईल का? ही बाई गटात नको.”

यंदा हा प्रश्न मला बऱ्याच गटांत विचारला गेला. आणि नेमका वर्षावास चालू आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी गावांत संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. तिथून बैठकीला येणाऱ्या ताया मैत्री, करुणा हे शब्द बरोबर घेऊन येतात. एकीनं तर सरळ विचारलं, “करुणा म्हणजे थकलेला हप्ता सोडून द्यायचा का?” प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हा लेख.

आपल्या संघात सगळ्या समाजाच्या ताया आहेत. कुणाला वाटेल, हे आमचं नाही. पण बुद्धाच्या गोष्टी ऐकायला कुठला दाखला लागत नाही. आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी चक्क गटाच्याच आहेत. भिक्खूंचा संघ म्हणजे तरी काय? वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं, एकत्र राहणार, नियम पाळणार, आणि भांडणारसुद्धा. विनयपिटक नावाचा ग्रंथ आहे, त्यात संघाचे नियम आणि प्रत्येक नियम का करावा लागला त्याची हकीकत दिलेली आहे. ती वाचताना वाटतं, आपलंच इतिवृत्त वाचतोय!

त्यातलीच एक हकीकत. एका भिक्खूला पोटाचा आजार झाला. जुलाबानं इतका बेजार झाला की स्वतःच्याच घाणीत पडून होता. बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तिथं आले. बुद्धांनी विचारलं, तुझं बघणारं कुणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर मी कधी भिक्खूंच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही माझं करत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं. मग एकानं डोक्याकडून, दुसऱ्यानं पायाकडून धरून त्याला उचललं आणि खाटेवर निजवलं. त्यानंतर सगळ्या भिक्खूंना बोलावलं. तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार, असं त्यांना विचारलं.

बघा, तो भिक्खू फार गुणी होता असं कुठंही म्हटलेलं नाही. तो खरंच कुणाच्या कामी आला नव्हता. संघाची तक्रार खरी होती. तरीही बुद्धांनी आधी पाणी आणवलं आणि मग बाकीच्यांशी बोलले. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी हिशोब: ती माझ्या बाळंतपणाला आली होती का? माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला आली होती का? मग मी का जाऊ?

आता दुसरी गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. बुद्धांचे एक मोठे शिष्य होते सारिपुत्त. अंगुत्तर निकायात त्यांचं एक प्रवचन आहे. एखाद्याचा राग आला, तो मनातून जाईना, तर काय करायचं? सारिपुत्त म्हणतात, माणूस कसा आहे ते बघून ठरवा. सगळ्यांना एकच औषध नाही. त्यांनी पाच तऱ्हेची माणसं सांगितली आणि प्रत्येकासाठी एक दाखला दिला.

पहिला माणूस वागायला वाईट, पण बोलायला चांगला. त्याचा दाखला चिंधीचा. त्या काळी भिक्खू रस्त्यात, उकिरड्यावर पडलेल्या चिंध्या गोळा करून चीवर शिवायचे. भिक्खूला वाटेत चिंधी दिसली तर तो ती डाव्या पायानं दाबून धरतो, उजव्या पायानं पसरतो, त्यातला धड भाग फाडून घेतो आणि पुढं जातो. कुजका भाग तिथंच राहतो. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे समजावून सांगायची गरजच नाही. जुनं लुगडं हातात घेतलं की आपण पण हेच करतो. विरलेलं बाजूला, धड तेवढं ठेवायचं. फाटलंय म्हणून अख्खं लुगडं कुणी चुलीत घालत नाही.

दुसरा माणूस उलटा. बोलणं वाईट, पण वागणं चांगलं. त्याला शेवाळानं झाकलेल्या तळ्याचा दाखला. उन्हातून दमून आलेला तहानलेला माणूस तळ्यात उतरतो, दोन्ही हातांनी शेवाळ बाजूला करतो आणि ओंजळीनं पाणी पितो. अशी ताई तर प्रत्येक गटात सापडेल! तोंड फटकळ, अध्यक्षालाही चार शब्द ऐकवणार. पण हप्ता दर महिन्याला पहिल्यांदा तिचाच. कुणाच्या घरी मयत झाली तर पहाटे भाकरी थापायला हीच हजर. तिचं बोलणं हे शेवाळ. खाली पाणी आहे, आणि ते चांगलं आहे.

तिसऱ्या माणसाचं बोलणंही वाईट, वागणंही वाईट. पण अधूनमधून त्याचं मन जरा निवळतं. त्याचा दाखला म्हणजे गाईच्या खुराच्या खळग्यात साठलेलं एवढंसं पाणी. त्यात ओंजळ घातली, भांडं बुडवलं, तर ते गढूळ होणार. मग तहानेला माणूस काय करतो? गुडघे आणि हात टेकून, गाईसारखा खाली वाकून, न ढवळता ते पाणी पितो. मला हा दाखला फार मोठा वाटतो. अशा माणसाकडून चांगलं घ्यायचं असेल तर आपल्याला वाकावं लागतं आणि ढवळाढवळ टाळावी लागते. सगळ्यांसमोर तिची चूक काढली, ‘तू नेहमी अशीच’ म्हटलं, की ते थोडंसं पाणी सुद्धा गढूळ झालं म्हणून समजा. अशा ताईशी बोलायची जागा बैठक नाही. तिच्या ओट्यावर, शेंगा फोडता फोडता बोलायचं.

चौथा माणूस सगळ्याच बाजूंनी बिघडलेला, मनही निवळत नाही. सारिपुत्त म्हणतात, लांबच्या वाटेवर एखादा आजारी माणूस पडलाय. मागचं गाव लांब, पुढचं गाव लांब. जवळ अन्न नाही, औषध नाही, कुणी सोबतीला नाही. त्याला बघून जाणाऱ्याच्या मनात काय येईल? याला कुणीतरी गावापर्यंत न्यावं, हेच ना? ज्याच्यात चांगलं काही दिसतच नाही, त्याच्याकडे तसं बघा. इथं आवडायची सक्ती नाही. त्याच्याकडून घेण्यासारखं काही शोधा, असंही सांगितलेलं नाही. फक्त तो वाटेतच मरू नये, एवढी इच्छा.

पाचवा माणूस म्हणजे सावलीतलं स्वच्छ तळं. त्याच्याबद्दल काय सांगू? आणि तरीसुद्धा त्याचाही राग येऊ शकतो हे सारिपुत्तांना माहीत होतं. चांगल्या माणसाचाच आपल्याला जास्त त्रास होतो कधी कधी!

पण ‘हिच्यात दोष आहे’ म्हणण्याआधी एक तपासून बघा. तो खरंच दोष आहे का? दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी ताई पाच-सहा महिने बैठकीला येऊ शकत नाही. आपण रजिस्टरला तिच्यापुढे ‘गैरहजर’ लिहितो आणि मग ती ‘अनियमित’ होते. कोयता हातात घेणं हा स्वभावाचा दोष नाही. एखाद्या विधवा ताईनं हळदीकुंकवाला बसू नये असं कुणाला वाटतं, तिथं दोष तिचा नाही. एखादीच्या घरी बैठक ठेवली की चहा घ्यायची वेळ आल्यावर काही जणींना अचानक उपास आठवतात, तिथंही दोष तिचा नाही. विनयपिटकातच उपालीची गोष्ट आहे. उपाली न्हावी होता, शाक्य राजपुत्रांची सेवा करायचा. राजपुत्र संघात यायला निघाले तेव्हा त्यांनीच बुद्धांना सांगितलं, आधी उपालीला दीक्षा द्या. म्हणजे तो आमच्यापेक्षा वडील ठरेल, आम्हाला त्याला नमस्कार करावा लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. पुढं हाच उपाली संघाच्या नियमांचा सगळ्यात मोठा जाणकार झाला. म्हणजे आपल्या भाषेत, नियमाची वही त्याच्याकडं! तेव्हा ‘समजून घेतो’ असं मोठ्या मनानं म्हणताना बघावं, आपण समजून घेतोय की नसलेला दोष आधी चिकटवतोय.

आता पैशाकडे येते, कारण खरी गाठ तिथंच आहे. कुणाचा स्वभाव सहन करता येतो, पण गटाच्या पैशाचं काय? एकीनं बँकेच्या कर्जाचा हप्ता थकवला तर गटाचं खातं खराब होतं. वेळेवर फेड नसेल तर व्याजाची सवलत जाते. पुढचं कर्ज अडतं. म्हणजे एकीवर करुणा दाखवताना बाकीच्या नऊ-दहा जणींच्या शेळ्या, शिलाई मशीन, पोरांची फी पणाला लागते. त्यांच्यावर करुणा कुणी करायची?

इथं अंगुलीमालाची गोष्ट नीट वाचायला हवी. अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर, बुद्ध भेटले, बदलला, भिक्खू झाला. पुढची अर्धी गोष्ट अशी. त्याला पकडायला कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला. वाटेत बुद्धांकडे आला, तर तिथं शेजारी चीवर घालून अंगुलीमालच बसलेला. राजाची भीतीनं गाळण उडाली. पण माणूस खरंच बदललाय हे बघून राजानं त्याला हात लावला नाही. इथवर सगळं छान. पण अंगुलीमाल भिक्षेला गावात गेला की त्याला कुणाचं ढेकूळ लागायचं, कुणाची काठी, कुणाची खापरी. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो बुद्धांकडे परत आला. बुद्धांनी त्याला सांगितलं, सोस. तुझ्या केल्या कर्माचं फळ आहे, ते सोस.

म्हणजे बुद्धांनी त्याला जवळ केलं, संघात जागा दिली, त्याच्यावरचा विश्वास जाहीरपणे राजासमोर सांगितला. पण त्यानं केलेलं पुसून टाकलं नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना ‘विसरून जा’ असं सांगायलाही बुद्ध गेले नाहीत. माणूस स्वीकारायचा, केलेलं कर्म मात्र हिशोबात राहतं. आम्हाला समाजकार्याच्या अभ्यासात ‘स्वीकाराचं तत्त्व’ शिकवलं होतं. फेलिक्स बीस्टेक नावाच्या लेखकाच्या १९५७ सालच्या पुस्तकात ते आहे. माणसाचा स्वीकार करा, त्याच्या चुकीच्या वागण्याला मान्यता देऊ नका, असा त्याचा अर्थ. गंमत म्हणजे बाबासाहेबांचा ग्रंथही, त्यांच्या जाण्यानंतर, १९५७ सालीच छापून आला.

मग हप्ता थकवणाऱ्या ताईचं काय करायचं? माझं मत स्पष्ट सांगते. हप्ता सोडायचा नाही. पण तिला ‘बुडवी’ म्हणायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जाऊन कारण बघायचं. पैसे नवऱ्यानं काढून घेतले का? दवाखाना निघाला का? की आहेत आणि देत नाही? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण तिन्हींना एकच शब्द वापरतो. अडचण खरी असेल तर गटानं ठराव करून हप्ता लहान करावा, मुदत वाढवावी, आणि तो ठराव सगळ्यांसमोर वाचावा. बँकेच्या कर्जातला हप्ता असेल तर आधी बँकेशीही बोलावं. जिनं गटाचे पैसे वापरले, तिच्याकडे पुन्हा रोख रक्कम किंवा वही द्यायची नाही. तो राग नाही, शहाणपण आहे. पण सतरंजीवरची तिची जागा तिचीच ठेवायची. तिच्यासमोर चहाचा कप ठेवताना हात आखडता घ्यायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

अंगुलीमालाच्या गोष्टीत आणखी एक प्रसंग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिक्षेला जाताना त्याला एक अडलेली बाई दिसली, बाळंत होताना तडफडत होती. तो कळवळून बुद्धांकडे आला. मग बुद्धांच्या सांगण्यावरून तो तिच्याकडे परत गेला आणि म्हणाला, मी या नव्या जन्मात आल्यापासून जाणूनबुजून एकाही जिवाला मारलेलं नाही; या सत्यानं तुझं आणि तुझ्या बाळाचं भलं होवो. ती सुखरूप सुटली. श्रीलंकेसारख्या देशांत गरोदर बायांसाठी आजही अंगुलीमालाच्या नावाचं परित्त म्हणतात. ज्याच्या नावानं आया पोरांना घरात ओढून घेत असतील, त्याच्याच नावाचा बाळंतिणींना आधार! (दवाखान्यात मात्र वेळेवर जायचंच, हे वेगळं सांगायला नको. आशाताई हा अंक वाचतात.)

काही गटांत ‘समजून घेणं’ म्हणजे गप्प बसणं असा अर्थ झालाय. कशाला तोंड वाईट करायचं? सारं कसं शांत. याबद्दलही विनयपिटकात हकीकत आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी ठरवलं की पावसाळाभर एकमेकांशी बोलायचंच नाही, म्हणजे भांडण होणार नाही. वर्षावास संपल्यावर मोठ्या आनंदानं बुद्धांना सांगायला गेले. त्यांना वाटलं शाबासकी मिळेल. बुद्ध म्हणाले, हे तर मुक्या जनावरांसारखं राहणं झालं! आणि त्यांनी पवारणेची रीत घालून दिली. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूनं संघासमोर बसून स्वतः विनंती करायची: माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तुम्हाला शंका असेल, तर माझ्यावर दया करून मला सांगा. मान्यताप्राप्त वडील भिक्खूनं सुद्धा.

यात खुबी बघा. चूक सांगणारा उठून बोट दाखवत नाही. ज्याची चूक आहे तोच आधी मागतो. आणि सांगणाऱ्यालाही पाच अटी आहेत: वेळ बघून सांगायचं, खरं असेल तेच सांगायचं, मऊ शब्दांत सांगायचं, समोरच्याच्या भल्याचं असेल तरच सांगायचं, आणि मनात मैत्री ठेवून सांगायचं. या पाच चाळण्यांतून घातलं तर आपल्या बैठकीतलं निम्मं बोलणं चाळणीतच राहील. माझंही.

आता घराकडे. हा लेख वाचून कुणी सासू किंवा नवरा म्हणेल, बघ, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, सोसावं, समजून घ्यावं. म्हणून हे स्पष्ट लिहिते. बायकांना सोसायला शिकवायची गरज नाही, ते शिक्षण आपलं न्हाणीघरापासून झालेलं आहे. मैत्रीभावनेबद्दल बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात एक दाखला येतो. चार माणसं बसली आहेत. एक आपल्या जीवलग, एक ना ओळखीचा ना वैरी, एक वैरी, आणि चौथे आपण स्वतः. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, यातला एक आम्हाला बळी द्यायला द्या. कुणाला द्याल? वैऱ्याला न्या म्हटलं तर मैत्री पूर्ण झाली नाही. हे कुणालाही पटेल. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ म्हटलं तरीही मैत्री पूर्ण झाली नाही! कारण चौघांपैकी एकाचं वाईट व्हावं असं तुम्ही म्हटलंतच, आणि तो एक म्हणजे तुम्ही. चौघांपैकी कुणालाच देणार नाही, असं मनाला वाटेल तेव्हा ती खरी मैत्री.

मी हा दाखला बैठकीत सांगते तेव्हा बराच वेळ कुणी बोलत नाही. कारण ‘मला न्या’ हे तर आपलं रोजचं आहे. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं मला. औषध आधी त्यांना. मार खाल्ला तरी चालेल, पोरांच्या डोक्यावर छप्पर राहू दे. मैत्रीभावनेची सुरुवातच त्या ग्रंथात स्वतःपासून सांगितली आहे: मी सुखी होवो, मग आवडता माणूस, मग परका, आणि शेवटी वैरी. आपण सुरुवातीची पायरीच गाळतो.

तेव्हा मारणारा माणूस आजारी आहे, त्याचं दारूनं वाटोळं केलंय, त्याला मदत मिळावी असं वाटणं ही करुणा. त्याच्या हाताखाली रोज उभं राहणं ही करुणा नाही. वाटेत पडलेल्या आजारी माणसाला गावापर्यंत न्यायचं म्हणून त्यानं गळा धरला तरी चालायचं, असं सारिपुत्तांनी कुठंही सांगितलेलं नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालचा आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. तक्रार करणारी बाई निर्दयी होत नाही.

आश्विन पौर्णिमा जवळ येतेय. काही गटांनी विचारलं की त्या महिन्याच्या बैठकीत पवारणेसारखं काही घेऊ का? जरूर घ्या, पण तीन गोष्टी सांभाळा. सुरुवात अध्यक्ष आणि सचिव ताईंनी करावी, थकबाकीवालीपासून नको. जिला नको असेल तिच्यावर जबरदस्ती नको. आणि त्या वेळी जे बोललं जाईल ते इतिवृत्तात लिहायचं नाही. इतिवृत्तात बचत, कर्ज, फेड आणि ठराव एवढंच जाईल. वही फेडरेशनला येते, ऑडिटला येते, चार जणांच्या हाताखालून जाते. बाकीचं सतरंजी उचलताना तिथंच झटकून यायचं.